चार लाखांच्या खाली

शनिवारी सकाळी लोटूआप्पानं हातातली साडी अर्धी घडी करून बाजूला ठेवली, हात पँटला पुसले आणि सगळ्या कारागिरांसमोर मला म्हणाला, "वाल्मिक, आते तू मना पंच हो." एवढंच. मी समोरच्या गठ्ठ्यातल्या साड्या मोजत होतो, आकडा विसरलो, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो, पुन्हा विसरलो. आप्पानं कागद आणले होते. साड्या भरायच्या आमच्याच प्लास्टिकच्या पिशवीत त्यानं ते नीट घालून आणले होते, वरच्या बाजूला आधारकार्ड, खाली त्याच्या बायकोचे, उषाबाईचे दवाखान्याचे रिपोर्ट. उत्पन्नाचा दाखला काढायचा, मग त्यावर सरकारी इलाजाचं कार्ड निघणार, मग उषाबाईची गर्भपिशवी काढणार. चार महिने तिचं रक्त जातंय आणि डॉक्टरनं सांगितलंय की आता ढकलत बसू नका. दाखल्यासाठी दोन पंच लागतात. अर्जदाराला आम्ही ओळखतो, त्याची कमाई आम्हांला ठाऊक आहे, असं सांगून सही करणारे दोघं. एक कोपऱ्यावरचा चहावाला राघो. दुसरा मी. आप्पा हसत होता, कारण ऑगस्टमध्ये तो माझा पंच झाला होता आणि आता माझी पाळी होती, लग्नात आहेर परत करतात तशी.

मी म्हणालो, आज गर्दी आहे, सोमवारी जाऊ. तो म्हणाला, सोमवारपासून तू सुषमाच्या मागे असशील, बुधवारी तिचं ऑपरेशन, मग तू कुठला सापडतोस. ते खरंच होतं. त्याला माझं घर, माझ्या बायकोच्या तारखा, सगळं माझ्याआधी आठवतं. मी स्कूटरची किल्ली काढली. किल्ली घामानं ओली झाली होती, डिसेंबरात, आणि मला स्वतःच्या घामाचीसुद्धा किळस आली.

भेस्तानच्या आमच्या गाळ्यापासून कचेरी फार लांब नाही, पण पुलाचं काम चाललंय आणि ट्रकवाले मधेच गाड्या आडव्या घालतात. आप्पा मागे बसला होता. त्याचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्यात ती पिशवी. त्याच्या अंगाला साड्यांच्या खळीचा वास येतो, घासलेटासारखा, त्यात खोबरेल. बावीस वर्षांपूर्वी मी पारोळ्याहून या गुजराती मुलखात आलो तेव्हा याच वासाच्या गोधडीवर पहिले सात महिने झोपलो. आप्पाच्या खोलीत तेव्हा सहाजण होते, मी सातवा. भाडं त्यानं माझ्याकडून तिसऱ्या महिन्यापर्यंत घेतलं नाही. घडी त्यानंच शिकवली. साडी पसरायची, पदर वर, काठाला काठ, आणि कुठं डाग किंवा तुटका धागा असला तर घडी अशी घालायची की तो आत जातो, बाहेरून हात फिरवला तरी लागत नाही. व्यापाऱ्याला ते माहीत असतं, गिऱ्हाइकाला घरी जाऊन कळतं. आप्पाच्या घडीतला डाग पूर्ण मार्केटात कुणाला सापडला नाही, असं लोक सांगायचे. मी त्या घडीवर धंदा उभा केला. दहा बाय तीसचा गाळा, आठ कारागीर, इस्त्रीची दोन टेबलं. आप्पा अजून तुकड्यावर, साडीमागे पैसे घेऊन काम करतो, आठवड्याला चार हजार, दिवाळीच्या आधी पाच. दर शनिवारी मीच त्याच्या हातावर ठेवतो. लोकांसमोर तो मला गमतीत शेठ म्हणतो आणि आम्ही दोघंच असलो की वाल्मिक, आणि अरे-तुरे. ते मला आवडायचं. आता त्याचाही राग येतो.

कार्ड निघायला वर्षाची कमाई चार लाखांच्या आत हवी. माझी खरी कमाई मला ठाऊक आहे, कारण मी ती एका जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहितो. गेल्या वर्षी चार लाख चाळीस हजार. म्हणजे चाळीस हजारांनी मी श्रीमंत होतो. सुषमाच्या हृदयाची झडप लहानपणच्या तापानं खराब झाली होती, ते आत्ता कळलं. खाजगी विमावाल्यांनी आजार आधीचा म्हणून हात वर केले, आणि ऑपरेशनचा आकडा पावणेचार लाख सांगितला. चाळीस हजार कमी कमावले असते तर सगळं फुकट. असा विचार करताना माणसाला शिसारी येते, पण तो विचार मी केला, एकदा नाही, दोन महिने केला. दिवाळीची एक मोठी ऑर्डर घेतली नसती तर. दोन कारागिरांना आधीच जास्त मजुरी दिली असती तर. आप्पाची मजुरी वाढवायचं तो कधी बोलला नव्हता, मीही नव्हतो बोललो. ती वाढवली असती तर मी आपोआप खाली आलो असतो, सरळ, कागदावर आणि घरातही. हे मला तेव्हा सुचलं नाही. आत्ता, स्कूटरवर, त्याचा हात खांद्यावर असताना सुचलं.

शिवाय कागदावर मी चार लाख चाळीसचाही नव्हतो. कागदावर मी सहा लाख नव्वद हजारांचा होतो. तीन वर्षांपूर्वी फ्लॅटचं कर्ज पाहिजे होतं तेव्हा ललितभाईनं, आमच्या टॅक्सच्या वकिलानं, मला फुगवला. सात लाखांपर्यंत कर बसत नाही, दाखवायला काय जातं, म्हणाला. बँकेतली बाई मला सर म्हणाली. मी घरी येऊन सुषमाला सांगितलं की आज मला सर म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो, आणि मला आतून थोडं बरंही वाटलं, त्याची आता लाज वाटते. मग झडपेचं निघालं. ललितभाई पान चघळत म्हणाला, आता उतरावं लागेल. माणूस जिना उतरतो तितकं सहज म्हणाला. थोडं उतरलं की साहेब लोकांना संशय येतो, उतरायचं तर नीट उतरायचं, एक लाख नव्वद. मग मधले पैसे कुठं गेले ते दाखवायला हवं. कुणाला तरी जॉबवर्कचे दिले असं दाखवायचं. पंच म्हणून जोडायला मी आप्पाचं आधार आणि पॅन दोन्हीच्या झेरॉक्स आणल्या होत्या, नुसतं आधार पुरलं असतं, पण आप्पानं विश्वासानं सगळंच दिलं होतं. ललितभाईनं त्या झेरॉक्सवर बोट ठेवलं. "आ माणस भरोसानो छे?" मी म्हणालो, घरचाच आहे. "तो एना नामे नाखी दऊं." त्याच्या नावावर टाकायला मी मान हलवली. त्याला थुंकायचं होतं म्हणून त्यानं बोलणं तिथंच संपवलं आणि खिडकीकडे गेला.

एवढीशी मान हलवायला किती वेळ लागतो. आप्पाच्या नावानं चार लाख शहाऐंशी हजारांचा रिटर्न गेला. आप्पाचा फोन बटणांचा, तोही उषाबाई वापरते, म्हणून ललितभाईनं माझाच नंबर टाकला. संदेश माझ्याकडे आला, सहा आकडे, मी ते वाचून दाखवले आणि आप्पा श्रीमंत झाला. त्या दिवशी शनिवार होता. गाळ्यावर परत येऊन मी त्याला चार हजार दिले, त्यानं कपाळाला लावून खिशात ठेवले. सांगू, असं मी ठरवलं होतं. पुढच्या शनिवारी सांगू. असे शनिवार किती झाले मी मोजले नाहीत. मोजायचे म्हटले तर सोपे आहेत, पण मला त्यात हात घालवत नाही, नाली साफ करताना जसा घालवत नाही.

आणि तो माझा पंच झाला तो दिवस. ललितभाईच्या माणसानं सांगितलं होतं, साधे कपडे घालून या. मी घराला रंग देताना घालायचो तो शर्ट काढला. सुषमानं विचारलं, हा का, मी म्हणालो, असाच. घड्याळ काढून ठेवलं. मनगटावर पांढरा पट्टा राहिला, तो मी बाही ओढून झाकला. कचेरीबाहेर आप्पानं मला वरून खाली पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, "आते दिखस तू गरीब." त्यानं मुद्दाम माझी कॉलर वाकडी केली. तलाठ्यानं विचारलं, घर स्वतःचं की भाड्याचं. मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाला, भाड्याचं साहेब, भाडंपण थकलंय. माझ्यासाठी खोटं बोलताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी पाहिला. एखाद्या पोराला शाळेत घालताना बापाच्या चेहऱ्यावर असतो तसा. त्याची सही म्हणजे तीन काड्या आणि एक वेलांटी, ती त्यानं फार वेळ लावून केली. मी तिथं उभा असताना माझे खांदे आपोआप पुढे झुकले होते. कुणी झुकव म्हटलं नव्हतं. घरी येऊन मी आरशात पाहिलं तर ते अजून तसेच होते.

दाखला आला तेव्हा सुषमानं तो वाचला. ती सातवीपर्यंत शिकलेली, गुजराती हळूहळू लावते. एक लाख नव्वद हजार, तिनं दोनदा वाचलं. मग म्हणाली, आपण इतके गरीब आहोत का. मला वाटलं ती चिडवतेय, पण ती खरंच विचारत होती, कारण मी तिला कधी आकडा सांगितलाच नव्हता. मी म्हणालो, कागदावर. ती म्हणाली, बरं. पुढं कार्ड आलं तेव्हा तिनं त्याला हळदकुंकू लावलं आणि देवांच्या मागे ठेवलं. ते लाल बोट प्लास्टिकवर वाळून तडकलं. मी रोज आंघोळ करून देवापुढे उभा राहतो आणि माझी नजर देवांवरून घसरून त्या कार्डावर जाते. खरा आकडा कुणालाच नको होता, ही गोष्ट मला तिथं उभं राहिल्यावर कळली. बँकेला मोठा हवा होता, कचेरीला लहान. जो खरा होता तो कॅलेंडरच्या मागे भिंतीला तोंड करून लटकत होता. आणि तरीही मला दोष देता येत नाही कुणाला, कारण दोन्ही वेळा सही माझी होती.

कचेरीत रांग होती. खिडकीसमोरच्या बाकावर एका म्हातारीनं पाय वर घेऊन मांडी घातली होती, तिच्या पायांच्या भेगांत काळं भरलेलं. कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या एकावर एक चढून भिंतीचा तेवढा भाग जाड झाला होता. मला आज सगळं दिसत होतं. राघो आमच्याआधीच येऊन उभा होता, चहाची किटली पोराकडे सोपवून आलो म्हणाला, लवकर करा. आप्पानं मला छापील कागद दिला. त्यावर लिहिलं होतं की आम्ही पंच अर्जदाराला चांगलं ओळखतो आणि त्याची आवक आमच्या जाणिवेप्रमाणे रुपये, आणि पुढे रिकामी जागा. राघोनं अंगठ्याला शाई लागेल म्हणून सावधपणे सही केली. मी पेन हातात धरलं. माझ्या जाणिवेप्रमाणे. दोन लाख पाच हजार. मला हा आकडा रुपयासकट ठाऊक होता, या शहरात दुसऱ्या कुणालाही नसेल इतका. मी तो लिहिला आणि सही केली. आयुष्यात पहिल्यांदा एका सरकारी कागदावर मी खरं लिहिलं होतं.

खिडकीतल्या माणसानं कागद उलटेपालटे केले, पॅनचा नंबर विचारला, हल्ली विचारतात, आणि बटणं दाबली. मग त्यानं आप्पाकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. काका, तुमचा तर रिटर्न भरलेला आहे, चार लाख शहाऐंशी हजार, दाखला नाही मिळणार. आप्पा हसला. मोठ्यानं हसला, रांगेतल्या लोकांकडे वळून हसला, म्हणाला, साहेब, एवढे पैसे असते तर मी तुमच्यासमोर कशाला आलो असतो. खिडकीतला माणूस हसला नाही. बाहेर गायत्रीबेन बसते, तिच्याकडून आधी हे साफ करून आणा, म्हणाला, आणि कागद सरकवले. आप्पानं ते उचलले नाहीत. तो माझ्याकडे वळला. "सांग ना त्याले, मी कितला कमाडस ते. तुले तर म्हाईत से."

हा प्रश्न मला इतकी वर्षं कुणी विचारला नव्हता. खरं किती. आणि उत्तर माझ्या सहीसकट खिडकीत पडलं होतं, मला फक्त ते तोंडानं म्हणायचं होतं. पण तोंडानं म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग हा रिटर्न कुणी भरला. मग माझा खोटा दाखला. मग बुधवार. सुषमानं काल केस धुतले होते, ऑपरेशननंतर बरेच दिवस धुता येणार नाहीत म्हणून, आणि गॅलरीत उन्हात पाठ करून बसली होती, चार पावलं चालली की तिला दम लागतो. मी खिडकीतल्या माणसाला म्हणालो, चूक झाली असेल कॉम्प्युटरची, बघावं लागेल. एवढंच म्हणालो. राघोनं माझ्याकडे पाहिलं नाही, त्याला किटलीची काळजी होती. आप्पानं कागद गोळा केले, एकेक, कडा जुळवून, घडी घालतो तसे.

गायत्रीबेन बाहेर छत्रीखाली लॅपटॉप घेऊन बसली होती, शेजारी छोटा प्रिंटर, पायांशी बॅटरी. चांगली मुलगी होती, आप्पाला तिनं आधी बसायला स्टूल दिलं. ती म्हणाली, काका, बहुत लोगों का ऐसा होता है, कोई आपके पॅन से भर देता है, देखते हैं किसने भरा. तिनं नंबर टाकला. मी दोन पावलं मागे झालो, मग वाटलं मागे झालेलं दिसेल, म्हणून पुन्हा पुढे झालो. मला घाम येत होता आणि त्या घामाला माझाच वास येत होता. ती पडद्याकडे बघत म्हणाली, इसमें जो मोबाइल डाला है उस पर ओटीपी गया है. शेवटचे दोन आकडे सत्तेचाळीस. किसका है, काका?

माझ्या शर्टाच्या खिशात फोन वाजला. आवाज छोटासाच होता. छत्रीखाली आम्ही तिघंच होतो, राघो निघून गेला होता. आप्पानं माझ्या खिशाकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, खिशाकडेच, डाग शोधताना कापडाकडे बघतो तसं, डोळे थोडे बारीक करून. फोनचा उजेड कापडातून दिसत होता. मी तो बाहेर काढला नाही. काढला असता तर सहा आकडे वाचावे लागले असते, आणि ते मी एकदा वाचले होते. उजेड गेला. रस्त्यावरून ट्रक गेला, छत्री हलली. गायत्रीबेन म्हणाली, काका, नंबर बोलो, जल्दी, नहीं तो टाइम चला जाएगा.

आप्पा उठला. "राहू दे बेन. फोन आपला नहीं." त्यानं पन्नासाची नोट तिच्या प्रिंटरवर ठेवली. ती म्हणाली, काम ही नहीं हुआ, पैसा किस बात का. त्यानं ती परत घेतली नाही.

आम्ही स्कूटरकडे चालत आलो. मला वाटत होतं त्यानं मारावं. खरंच वाटत होतं, तोंडात मारावं, भर रस्त्यात, खान्देशी शिव्या द्याव्यात, लोक जमावेत. मी गयावया केली असती, पाय धरले असते, आणि मग काहीतरी संपलं असतं. उषाबाई गेल्या आठवड्यात डबा घेऊन गाळ्यावर आली होती, तिचे ओठ पांढरे पडलेले, जिन्यावर दोनदा थांबली. सुषमासाठी तिनं नागलीचे पापड आणले होते, तोंडाला चव येते म्हणून. ते पापड अजून आमच्या घरात आहेत. मी स्कूटर चालू केली. पाय ठेवताना त्याचा तोल जातो म्हणून तो नेहमी माझ्या खांद्याला धरतो, आज त्यानं मागची दांडी धरली. कागदांची पिशवी त्यानं माझ्या आणि त्याच्या मध्ये ठेवली, ती मला पाठीला टोचत होती. मी आरसा थोडा फिरवला, तर त्यात त्याचा चेहरा दिसला. तो रागावलेला नव्हता. तो काहीतरी मांडत होता मनात, ओठ हलत होते, मला वाटलं चार लाख शहाऐंशी हजारांचे आठवड्याला किती होतात ते मोजतोय. नऊ हजार तीनशे होतात. मी जुलैतच मोजले होते.

गाळ्याच्या दारात मी गाडी थांबवली. आत कारागीर जेवायला बसले होते, आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आप्पा उतरला, पिशवी काखेत मारली. मी म्हणालो, आप्पा. पुढे काय म्हणणार होतो ते मला माहीत नव्हतं, अजूनही नाही. त्यानं वाट पाहिली. शेवटी तोच बोलला, हळू, आतल्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"पहिले सुषमानं आप्रेशन व्हई जाऊ द्या, शेठ. मंग देखसूत."

मग तो आत गेला, हात धुतले, आणि सकाळी अर्धवट सोडलेली साडी उचलून तिची घडी पुरी करायला बसला.